आकृती, आशय आणि साहित्याचे मूल्यमापन

१

कलाकृतीचे मोल तिच्या रूपावरून ठरवावे की तिच्यातून व्यक्त होणाऱ्या अर्थावरून, हा प्रश्न साहित्यविचाराच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे. मराठी समीक्षेत तो बराच काळ 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादाच्या आवरणाखाली वावरला. एका बाजूस 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथातून कथाकादंबरीच्या तंत्राचा पुरस्कार करणारे ना. सी. फडके आणि दुसऱ्या बाजूस साहित्याच्या जीवनाभिमुखतेचा आग्रह धरणारे वि. स. खांडेकर, असे या वादाचे चित्र मराठी वाचकाच्या मनात पक्के झालेले आहे. परंतु तो वाद मुख्यतः कलेच्या प्रयोजनाविषयीचा होता. कला कशासाठी निर्माण करावी हा एक प्रश्न झाला. निर्माण झालेल्या कलाकृतीची प्रत कशी ठरवावी हा दुसरा. कला जीवनासाठी आहे असे मानणारा समीक्षकही एखादी कविता रचनेत फसली म्हणून ती नाकारू शकतो. उलट, कलेचे प्रयोजन केवळ आनंद आहे असे म्हणणाऱ्यालाही एखादी सुघड कथा पोकळ वाटू शकते. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे मराठीत पुष्कळ शाई खर्ची पडली, आणि मूल्यमापनाचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

हा मूळ प्रश्न मराठीत सर्वांत काटेकोरपणे मांडला तो बाळ सीताराम मर्ढेकर (१९०९–१९५६) यांनी. 'आर्ट्स अँड मॅन' (१९३७) हा इंग्रजी ग्रंथ, 'वाङ्मयीन महात्मता' (१९४१) ही पुस्तिका आणि 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) हा लेखसंग्रह यांतून त्यांनी आकृतिवादाची भूमिका अखेरपर्यंत तर्काने नेली. 'सौंदर्य आणि साहित्य'ला १९५६ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या निधनानंतर. कलेतील सौंदर्य हे आकृतीत असते, विषयात किंवा उपदेशात नसते, असे ठामपणे सांगणाऱ्या या विचारवंताच्या स्वतःच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहावर मात्र १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने अश्लीलतेचा आरोप ठेवला. १९५२ मध्ये मर्ढेकर निर्दोष ठरले. एकाच व्यक्तीच्या चरित्रात सौंदर्यशास्त्र आणि दंडविधान असे समोरासमोर आल्याचे उदाहरण भारतीय साहित्यात विरळच. सौंदर्यशास्त्र म्हणत होते, आकृती पाहा. कायदा म्हणत होता, शब्दांचा अर्थ पाहा. या दोहोंच्या मध्ये जी कविता उभी होती तिचे काय, हा या विवेचनाचा विषय आहे.

२

मर्ढेकरांच्या भूमिकेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. 'आकृती' आणि 'आशय' ही जोडी आधुनिक आहे. संस्कृत काव्यशास्त्राने वापरलेली जोडी 'शब्द' आणि 'अर्थ' यांची होती, आणि आरंभापासून ती जोडी फोडण्यापेक्षा जोडण्याकडेच त्या शास्त्राचा कल होता. भामहाने काव्याचे लक्षण सांगताना शब्द आणि अर्थ यांच्या सहभावावर भर दिला. 'साहित्य' हा शब्दच या सहभावातून आलेला आहे. पुढे वामनाने विशिष्ट पदरचना म्हणजे रीती हा काव्याचा आत्मा मानला, तेव्हा पारडे रचनेकडे झुकल्यासारखे दिसते. आनंदवर्धनाने ध्वनीला आत्मपद दिले, तेव्हा ते अर्थाकडे झुकल्यासारखे दिसते. परंतु आनंदवर्धनाचा व्यंग्यार्थ हा शब्दांतून वेगळा काढून सांगता येईल असा अर्थ नव्हे. तो वाच्य करून सांगितला की त्याचा चमत्कार नाहीसा होतो. म्हणजे ज्याला अर्थवादी म्हणावे त्यानेच अर्थ रचनेवर किती अवलंबून असतो हे दाखवून दिले. कुंतकाने तर 'वक्रोक्तिजीविता'त शब्द आणि अर्थ हे सौंदर्याच्या बाबतीत एकमेकांशी जणू स्पर्धा करतात, दोघांपैकी कोणीही उणा पडत नाही, तेव्हाच साहित्य सिद्ध होते असे सुचविले. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने काव्यत्व शब्दातच मानले हे खरे, परंतु तो शब्द रमणीय अर्थाचे प्रतिपादन करणारा असला पाहिजे ही अट त्यालाही घालावीच लागली.

यावरून असे दिसते की भारतीय परंपरेत हा वाद नव्हता असे नाही, परंतु त्यात 'रूप विरुद्ध अर्थ' अशा दोन छावण्या पडलेल्या नव्हत्या. छावण्या पडल्या त्या विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात, आणि त्याही प्रथम चित्रकलेच्या क्षेत्रात. क्लाइव्ह बेल याने 'आर्ट' (१९१४) या ग्रंथात 'अर्थपूर्ण आकृती'ची कल्पना मांडली. इराणी वाडगा, चिनी गालिचा, पादुआ येथील जोत्तोची भित्तिचित्रे आणि सेझानची चित्रे यांत समान काय, असा त्याचा प्रश्न होता, आणि रेषा व रंग यांचे विशिष्ट संबंध हे त्याचे उत्तर होते. चित्र कशाचे आहे याला सौंदर्याच्या दृष्टीने महत्त्व नाही असे त्याने सांगितले. वाडगा आणि गालिचा यांच्या बाबतीत हे मान्य करणे कठीण नाही. आपल्याकडील रांगोळी किंवा ख्याल यांच्या बाबतीतही नाही. विलंबित ख्यालात बंदिशीचे शब्द सासू-नणंदेच्या तक्रारीचे असोत की ईश्वरस्तुतीचे, जाणकार श्रोता गायकाला दाद देतो ती स्वरांच्या संबंधांसाठी. शब्द नीट ऐकू आले नाहीत म्हणून मैफल फसली असे तो म्हणत नाही. प्रश्न निर्माण होतो तो ही कसोटी साहित्याला लावू लागल्यावर.

३

मर्ढेकरांचे श्रेय हे की त्यांनी ही अडचण टाळली नाही. प्रत्येक कलेचे स्वतंत्र माध्यम असते आणि त्या माध्यमातील घटकांचे लयबद्ध संघटन म्हणजे कलाकृती, हा त्यांचा मूलभूत सिद्धांत. लयीचे तीन प्रकार त्यांनी कल्पिले : संवादलय, विरोधलय आणि समतोललय. संगीताचे माध्यम नाद, चित्राचे माध्यम रंग आणि रेषा. मग साहित्याचे माध्यम कोणते? शब्दांचा नाद असे उत्तर देणे त्यांना सोयीचे गेले असते, कारण त्यामुळे साहित्य संगीताच्या रांगेत जाऊन बसले असते. परंतु ते उत्तर चूक आहे हे त्यांनी ओळखले. कवितेत नादाचा वाटा असला तरी अर्थ न कळणाऱ्याला कवितेचा अनुभव येत नाही. म्हणून साहित्याचे माध्यम शब्दांचा भावनात्मक अर्थ हे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. कवितेतील प्रतिमा ज्यामुळे एकमेकींशी बांधल्या जातात त्या तत्त्वाला त्यांनी 'भावनानिष्ठ समतानता' असे नाव दिले.

येथे आकृतिवादाच्या इमारतीत एक महत्त्वाचे दार उघडले. नादाला किंवा रंगाला स्वतःच्या बाहेर बोट दाखवावे लागत नाही. लाल रंग हा लाल म्हणूनच चित्रात भाग घेतो. भावनात्मक अर्थाचे तसे नाही. 'माहेर' या शब्दाला जो भावनात्मक अर्थ आहे तो त्या शब्दाच्या तीन अक्षरांत नाही. तो लग्नाची रीत, सासरचा धाक, ओवीच्या दळणातली गाणी, या साऱ्या जगण्यातून आलेला आहे. या शब्दाचा दुसऱ्या एखाद्या शब्दाशी विरोधलयीचा संबंध जोडायचा, तर वाचकापाशी ते सारे जगणे आधी असावे लागते. तेव्हा साहित्यातील लय ही अर्थांची लय आहे असे एकदा मान्य केले की, जे आकृतीतून बाहेर ठेवायचे होते ते लौकिक जीवन आकृतीचाच घटक म्हणून आत येते. मर्ढेकरांच्या सिद्धांताचे हे अपयश नव्हे. साहित्याच्या स्वरूपाविषयी त्यांनी केलेली ही सर्वांत प्रामाणिक कबुली आहे, जरी तिचे सर्व परिणाम त्यांनी स्वीकारले नाहीत.

पुढील मराठी सौंदर्यविचाराचा मोठा भाग या परिणामांचा हिशेब मांडण्यात गेला. प्रभाकर पाध्ये यांनी मर्ढेकरांच्या सौंदर्यमीमांसेची स्वतंत्र ग्रंथातून चिकित्सा केली. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे, लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे तिचे दोन ध्रुव आहेत, अशी मांडणी केली. शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या १९७९ साली साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेल्या ग्रंथात 'मानुषते'ला साहित्यमूल्याच्या केंद्रस्थानी आणले. या तिघांच्या भूमिका परस्परांहून भिन्न आहेत. परंतु केवळ आकृतीच्या बळावर साहित्याचे मूल्यमापन पुरे होत नाही, हे तिघांच्याही विवेचनातून निष्पन्न होते.

४

वाद सुटत नाही याचे एक कारण परिभाषेत दडलेले आहे. 'अर्थ महत्त्वाचा' असे म्हणणारा पुष्कळदा 'विषय महत्त्वाचा' असे म्हणत असतो, आणि 'रूप महत्त्वाचे' असे म्हणणाऱ्याच्या मनात पुष्कळदा केवळ 'घाट' असतो. ए. सी. ब्रॅडली याने १९०१ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या काव्यविषयक व्याख्यानात विषय आणि आशय यांत भेद केला होता. तो मराठीत आणून पुढे नेला, तर दोन वेगळ्या जोड्या हाती येतात. विषय आणि घाट ही पहिली जोडी. विषय हा कवितेच्या बाहेर असतो. तो एका वाक्यात सांगता येतो आणि त्यावर दहा जणांना दहा कविता लिहिता येतात. घाटही कवितेच्या बाहेर असतो. ओवी, अभंग, सुनीत, गझल हे साचे कोणत्याही एका कवितेपूर्वी अस्तित्वात असतात आणि ते कोणालाही वापरता येतात. आशय आणि आकृती ही दुसरी जोडी. त्या कवितेतच, त्याच शब्दक्रमात जो अर्थ जाणवतो तो आशय. आणि त्या कवितेतच तो अर्थ ज्या रीतीने उभा राहतो ती आकृती. पहिल्या जोडीतील दोन पदे एकमेकांपासून वेगळी करता येतात, म्हणून त्यांतील कोणते वरचढ असा प्रश्न विचारता येतो. परंतु त्याचे उत्तर काहीही आले तरी कवितेचे मूल्य ठरत नाही. थोर विषयावर सामान्य काव्य होते आणि निर्दोष अभंगवृत्तात निर्जीव रचना होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या जोडीत कवितेचे मूल्य असते, परंतु तेथे दोन पदे वेगळी करताच येत नाहीत.

मर्ढेकरांच्याच कवितेवरून हे स्पष्ट होईल. पिंपात मरून पडलेल्या उंदरांवरची त्यांची छोटी कविता प्रसिद्ध आहे, आणि दुर्बोधतेच्या आरोपासाठीही ती प्रसिद्ध आहे. तिचा विषय सांगण्यास अर्धे वाक्य पुरते. मेलेल्या उंदरांची नोंद नगरपालिकेच्या आरोग्यखात्याच्या अहवालातही सापडेल. कवितेत मात्र या उंदरांच्या मरणाला एक विलक्षण शांतता प्राप्त होते. आठ-आठ मात्रांच्या, बालगीतात शोभाव्या अशा सुगम ठेक्यात मृत्यूचे वर्णन होत राहते, आणि जगणे व मरणे या दोहोंतही प्राण्याला निवड उरलेली नाही ही जाणीव वाचकाला उंदरांकडून स्वतःकडे आणते. हा ठेका काढून टाकून तीच वाक्ये गद्यात मांडली तर विषय जसाच्या तसा राहील. जाईल ती शांतता. ती शांतता हाच कवितेच्या आशयाचा गाभा आहे. मग ठेका हा रूपाचा भाग म्हणायचा की अर्थाचा?

अभंगाच्या बाबतीत हे अधिक ठळक होते. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक साधलेले असते. हे झाले घाटाचे वर्णन. परंतु मराठी भाषकाच्या कानात या अक्षरसंख्येबरोबर नामदेव-तुकारामांपासून चालत आलेला एक संबंधही वाजत असतो. देवाशी निकराने बोलणारा भक्त, त्याचे भांडण, त्याची शरणागती आणि अखेरीस नाममुद्रा असा तो संबंध आहे. मर्ढेकरांनी संतांच्या या घाटात यंत्रयुगातील शहर, गर्दी आणि श्रद्धेचा नाश आणला, तेव्हा घाट हा केवळ साचा राहिला नाही. ज्या देवाला उद्देशून तो घाट घडला होता, त्याची अनुपस्थिती त्याच घाटातून ऐकू येऊ लागली. ज्याला वारकरी परंपरा ठाऊक नाही अशा वाचकाला ही विरोधलय जाणवणार नाही. म्हणजे मर्ढेकरांच्या सिद्धांतातील सर्वांत शुद्ध आकृतिगुण त्यांच्याच कवितेत अनुभवायचा, तर इतिहासाने साठविलेल्या अर्थाखेरीज मार्ग नाही.

निर्मितीच्या बाजूने हाच निष्कर्ष काढणारा विचार मराठी घरात जन्मलेल्या एका हिंदी कवीने मांडला आहे. शरच्चंद्रांचे ज्येष्ठ बंधू गजानन माधव मुक्तिबोध यांनी 'एक साहित्यिक की डायरी' (१९६४) या पुस्तकात कलानिर्मितीचे तीन क्षण कल्पिले. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला क्षण. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पचित्राचे रूप घेतो हा दुसरा. ते कल्पचित्र शब्दबद्ध होऊ लागते तेव्हापासून ते पूर्ण होईपर्यंतचा काळ हा तिसरा. मुक्तिबोधांची मार्मिक सूचना अशी की, या तिसऱ्या क्षणात कल्पचित्र शब्दांत नुसते उतरत नाही, ते बदलत जाते. भाषा ही समाजाची असल्याने ती कवीच्या खाजगी कल्पचित्राला आपले अर्थ देते, आणि त्याच वेळी कवी भाषेला नवे अर्थ देतो. मार्क्सवादाशी बांधिलकी असलेल्या कवीने केलेले हे विवेचन आकृतिवाद्याच्या एका मूलभूत आग्रहाला पुष्टी देते : आशय आधी तयार असतो आणि रूप नंतर चढवले जाते, ही समजूत निराधार आहे.

५

हा भेद केवळ शास्त्रीय सोयीचा नाही. तो न पाळल्यास साहित्यावर अन्याय होतो, आणि तो अन्याय निदान तीन ठिकाणी प्रत्यक्ष घडत आलेला आहे.

पहिले ठिकाण न्यायालयाचे. मर्ढेकरांवर आरोप झाला त्या काळात इंग्लंडमधील १८६८ च्या हिकलिन खटल्यातील कसोटीचा प्रभाव होता. अनैतिक परिणामास बळी पडू शकणाऱ्या मनावर लेखनाचा काय परिणाम होईल, ही ती कसोटी. तिच्यामुळे सुटे शब्द आणि सुटे उतारे पुराव्यादाखल मांडले जात. म्हणजे कवितेची आकृती मोडून तिचा विषय तेवढा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जाई. यानंतरचा प्रवास मंद गतीने झाला. १९६२ च्या एका दिवाळी अंकातील मराठी कथेबाबत चंद्रकांत काकोडकर यांच्यावर झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली कथा समग्रपणे वाचून त्यांना दोषमुक्त केले. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात त्या न्यायालयाने हिकलिन कसोटी बाजूस सारून समकालीन समाजमानस हे प्रमाण स्वीकारले. कृती समग्रपणे पाहावी हे तत्त्व म्हणजे एका अर्थाने आकृतीचे महत्त्व कायद्याने मान्य करणेच होय.

परंतु २०१५ सालच्या निर्णयाने या मान्यतेची मर्यादाही दाखवून दिली. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरील कविता १९९४ साली एका कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली आणि त्यावरून खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने कवीचे स्वातंत्र्य मोठ्या उदारपणे वर्णिले : व्याकरण मोडण्याचे, छंद झुगारण्याचे, नवे शब्द घडविण्याचे. मात्र इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालण्यास हे स्वातंत्र्य पुरत नाही असे ठरवून कवीवरील आरोप कायम ठेवला. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे ते एवढेच की, न्यायालयाने कवीला जे दिले ते घाटाचे स्वातंत्र्य होते आणि जे रोखले ते विषयाशी निगडित होते. एखाद्या विशिष्ट वक्त्याच्या तोंडी विशिष्ट शब्द घालणे, हीच जेथे कवितेची आकृती आहे, तेथे एक देऊन दुसरे रोखता येते काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

दुसरे ठिकाण समीक्षेचे. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) प्रसिद्ध झाला तेव्हा त्यास विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना होती. त्या कवितेतील अनेक शब्द आपल्याला ठाऊकच नाहीत हे तेंडुलकरांनी मोकळेपणाने नोंदविले. दलित साहित्याच्या त्या पहिल्या पर्वात प्रस्थापित समीक्षेचा एक सूर असा होता की अनुभव जळजळीत आहे, पण कलात्मकता उणी आहे. येथे 'कलात्मकता' या शब्दाचा अर्थ परिचित घाट एवढाच होता. कामाठीपुऱ्याची बोली ही ढसाळांच्या कवितेची सजावट नव्हती की तिचा कच्चा मालही नव्हता. त्या बोलीचे शिव्या, पुराणे आणि प्रमाण मराठी यांच्याशी होणारे आघात हीच तिची विरोधलय होती. मर्ढेकरांचा सिद्धांत नीट लावला असता तर या कवितेचे मोल ओळखण्यास तो उपयोगीच पडला असता. या अन्यायाची प्रतिक्रिया म्हणून शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात समता, स्वातंत्र्य, न्याय या मूल्यांना प्रमाण मानणारी कसोटी मांडली. तिची ऐतिहासिक गरज निर्विवाद आहे. परंतु ती केवळ विषयाला लावली गेली, तर 'गोलपिठा' आणि अत्याचाराची वर्तमानपत्रातील बातमी यांत फरक उरत नाही, आणि कवी कलावंत न राहता साक्षीदार ठरतो. दलित कवीला केवळ साक्षीदार मानणे हाही त्याला कमी लेखण्याचाच एक प्रकार आहे.

तिसरे ठिकाण भाषांतराचे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाशी त्याचा संबंध सर्वांत निकटचा. एका भाषेत वाढलेला अभ्यासक उर्वरित भारतीय भाषांतील साहित्य बहुधा हिंदी किंवा इंग्रजी भाषांतरातून वाचतो. भाषांतरात विषय सहज सीमा ओलांडतो. घाट कधी ओलांडतो, कधी मागे राहतो. दिलीप चित्रे यांनी 'सेज तुका' (१९९१) मध्ये तुकारामांचे इंग्रजी भाषांतर करताना अभंगाची अक्षरसंख्या आणि यमक यांचा आग्रह बहुतांशी सोडला आणि तुकारामांच्या बोलण्याचा रोख, त्यातील थेटपणा पकडण्याचा प्रयत्न केला. म्हणजे त्यांनी घाट सोडून आकृतीच्या मागे जाण्याचा मार्ग पत्करला. या मार्गाने सारेच हाती लागत नाही, परंतु यशस्वी भाषांतरकार काय शोधत असतो ते त्यावरून कळते. याउलट, भाषांतरातून हाती आलेल्या विषयांच्या यादीवरून अमुक भाषेतील कविता सामाजिक आहे, तमुक भाषेतील आध्यात्मिक आहे अशी विधाने तौलनिक अभ्यासात सर्रास केली जातात. ती ज्या कवितांविषयी असतात त्या कवितांपर्यंत विधान करणारा पोहोचलेला असतोच असे नाही. तुलना करायची ती दोन विषयांची नव्हे, तर दोन भाषांनी आपापल्या अर्थसंचयाला दिलेल्या संघटनांची, हे भान तौलनिक साहित्याभ्यासाचे प्राथमिक पथ्य मानले पाहिजे.

६

एक आक्षेप येथे संभवतो. आकृती आणि आशय अविभाज्य आहेत असे म्हटले, तर मूल्यमापनच अशक्य होईल. प्रत्येक कृती स्वतःपुरती पूर्ण आहे एवढेच म्हणून गप्प बसावे लागेल. हा आक्षेप गैरसमजावर आधारलेला आहे. अविभाज्य असणे म्हणजे अविश्लेष्य असणे नव्हे. शब्द बदलून पाहणे ही समीक्षकाची जुनी आणि विश्वासार्ह पद्धती आहे. संस्कृत आलंकारिकांनीही पर्यायी शब्द ठेवल्यास चमत्कार टिकतो की नाही या निकषावर शब्दालंकार आणि अर्थालंकार यांचे विभाजन केले. तीच पद्धती अधिक व्यापकपणे वापरता येते. एखादी ओळ बदलून पाहावी. काहीच न गमावता बदल पचला, तर तेथील रचना शिथिल होती. विषय शिल्लक राहिला पण कविता नाहीशी झाली, तर तेथे आशय आणि आकृती खरोखर एकजीव झालेले होते. कवितेत असा एकजीवपणा किती ठिकाणी, किती खोलवर आहे, हे दाखवून देणे म्हणजेच तिचे मूल्यमापन.

यानंतरही थोरवीचा प्रश्न उरतो. निर्दोष पण लहान कविता आणि काही ठिकाणी तडे गेलेली पण विशाल कादंबरी यांत थोर कोणती? टी. एस. एलियट याने १९३५ च्या एका निबंधात असे सुचविले की एखादे लेखन साहित्य आहे की नाही हे साहित्याच्याच निकषांनी ठरते, पण त्याची थोरवी केवळ त्या निकषांनी ठरत नाही. 'वाङ्मयीन महात्मता' लिहिताना मर्ढेकरांनाही हा प्रश्न जाणवला होता, आणि त्यांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेत त्याचे उत्तर शोधले. मुक्तिबोधांनी ते मानुषतेत शोधले. दोन्ही उत्तरे आकृतीच्या पलीकडे जातात. परंतु त्यांतून विषयाच्या भारदस्तपणाकडे परतण्याची मुभा मिळते असे नाही. पिंपातले उंदीर हा काही भारदस्त विषय नव्हे. थोरवी मोजायची तर ती कृतीने किती मोठा विषय निवडला यावरून नव्हे, तर न तुटता, खोटे न बोलता जीवनाचा किती भार तिच्या आकृतीला पेलता आला यावरून मोजावी लागेल. या वाक्यातील 'जीवनाचा भार' हा शब्दप्रयोग आशयवाद्याला हवा असतो आणि 'पेलता आला' हा आकृतिवाद्याला. दोघांनीही वाक्य पूर्ण वाचणे आवश्यक आहे.

१९५२ साली मर्ढेकर निर्दोष ठरले, तेव्हा निकाल लागला तो एका आरोपाचा. त्यांच्या कवितांचा निकाल लावणे हे न्यायालयाचे कामही नव्हते. ते काम वाचकांनी पुढील अनेक दशकांत केले. ज्या शब्दांवर आक्षेप घेतला गेला होता त्यांतील एकही शब्द दरम्यान बदललेला नाही, आणि तरीही त्या कविता आज अश्लील म्हणून वाचल्या जात नाहीत, आधुनिक मराठी कवितेचा आरंभ म्हणून वाचल्या जातात. वाचक बदलला तो त्याने शब्दांचे अर्थ नव्याने शिकले म्हणून नव्हे. ते शब्द कोणत्या रचनेत उभे आहेत हे पाहण्यास तो शिकला म्हणून. आणि ती रचना पाहता आल्यावरच त्या शब्दांचा अर्थ त्याला कळला.